पेढ्यांखालचा पुरावा

मुलीचं लग्न ठरवायला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत पेढे होते आणि पेढ्यांखाली टेपरेकॉर्डर होता. एवढं वाचून आपलं माझ्याविषयी जे मत होईल, ते आमच्या गल्लीचं केव्हाच झालेलं आहे. म्हणून मला आता त्याचं काही वाटत नाही. इतकंच सांगतो, की मी बारामतीत एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे आणि आयुष्यात कधी कुणाच्या दाराला कान लावलेला नाही. आमच्या गल्लीत त्याची गरजही पडत नाही, कारण घरांच्या मधल्या भिंती अर्ध्या विटेच्या आहेत.

माझी मुलगी सुकन्या पुण्याला वकिली शिकते. एक वर्ष राहिलं होतं. आमच्या घराण्यात दोन पिढ्यांमागं सगळे मेंढरांमागं फिरत होते, त्यातली पहिली पोर काळा कोट घालणार म्हणून मी कचेरीत एवढ्यांदा सांगितलं होतं, की आमचा शिपाई मला पाहिलं की आपणहून म्हणायचा, "एकच वर्ष राहिलं, न्हाय का साहेब?" अशात इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचं स्थळ आलं. मुलगा बिरदेव, डेअरीत सुपरवायझर, स्वभावानं मऊ. सुकन्यालाही पसंत. तिचं म्हणणं एकच, की लग्न झालं तरी शेवटचं वर्ष पुरं करू द्यायचं आणि पुढं कोर्टात जाऊ द्यायचं.

आता आमच्यात लग्नाचं सगळं बैठकीत ठरतं आणि तोंडी ठरतं. बैठकीत कागद काढणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणण्यासारखं आहे. दोन्हीकडची शहाणी माणसं बसतात, शब्द देतात, शब्द घेतात, जेवतात आणि उठतात. माझ्या चुलतभावाच्या स्वरालीला नर्सिंग पुरं करू द्यायचा शब्द तिच्या सासऱ्यानं असाच भर बैठकीत दिला होता. लग्नानंतर विचारायला गेलो तर म्हणाला, "असं कवा म्हणलो मी?" बैठकीला हजर असलेल्यांकडे चौकशी केली. कालवण तिखट होतं हे सगळ्यांना आठवत होतं, शब्द मात्र कुणालाच आठवत नव्हता. स्वराली आता काटेवाडीला म्हशींना इंजेक्शनं देते. नर्सिंगचा तेवढाच उपयोग झाला.

हे मी शेजारच्या मानसिंगरावांपाशी बोललो, ही पहिली चूक. मानसिंगराव निवृत्त हवालदार आहेत. नोकरीत असताना त्यांनी किती चोर पकडले ते माहीत नाही, पण निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळी गल्लीच संशयित वाटते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि एकच शब्द उच्चारला.

"पुरावा."

"अहो, लग्नाची बैठक आहे," मी म्हणालो.

"माणूस लग्नाच्या बैठकीत जेवढं खोटं बोलतो, दादासो, तेवढं आमच्या चौकीत बी बोलत न्हाय."

त्यांच्याकडं हातात मावेल असा टेपरेकॉर्डर होता. निवृत्तीच्या समारंभातली आपल्यावरची भाषणं टिपून घेण्यासाठी त्यांनी तो घेतला होता, आणि भाषणं फारच थोडक्यात आटोपल्यामुळं तो जवळजवळ नवाच होता. कॅसेट तेवढी नव्हती. मी घरातली एक उचलली. तिच्यावर माझ्या बायकोच्या, म्हणजे सिंधूच्या, भजनी मंडळाची भजनं होती. पुसली जाऊ नयेत म्हणून कॅसेटच्या वरच्या कडेच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तिनं मोडून ठेवल्या होत्या. मानसिंगरावांनी तिथं चिकटपट्टी लावून ती पुन्हा टिपण्याजोगी केली. "असल्या गोष्टी पोलिसालाच ठावं असत्यात," असंही वर म्हणाले.

तरी मी कायद्याला धरून चालणारा माणूस. आधी सल्ला घ्यायचं ठरवलं. घरातच मुलगी वकिली शिकत होती, पण बापानं मुलीला कायदा विचारायचा म्हणजे आयुष्यभर तिच्यावर केलेल्या आरडाओरड्याचं काय राहिलं? म्हणून मी कोर्टाच्या आवारात दत्तोबा वकिलांना गाठलं. दत्तोबा माझ्या मामांकडून नात्यातले. पक्षकाराऐवजी नातेवाईक आला की त्यांचा चेहरा पडतो. तरी त्यांनी ऐकून घेतलं.

"चोरून रेकॉर्ड करणं चांगलं की वाईट, हे मला विचारू नका. मी वकील आहे," ते म्हणाले. "पुरावा म्हणून उभं राहायचं असेल तर तुम्ही स्वतः त्या बोलण्यात हजर पाहिजे. दुसऱ्यांचं आपसातलं बोलणं त्यांच्या माघारी टिपलंत तर तुम्हीच गोत्यात याल. आवाज कुणाचा ते ओळखता आलं पाहिजे, म्हणून बोलता बोलता एकेकाचं नाव घ्या. आणि तोडमोड करायची नाही. पुरावा वाजवायचा तर सगळा वाजवायचा. आपल्याला सोयीचा तुकडा ठेवून बाकीचा पुसला, की सगळाच बाद."

मी घरी नावं घ्यायचा सराव सुरू केला. "सौभाग्यवती सिंधुबाई, आपण आज बारामती मुक्कामी आपल्या राहत्या घरी भाजी कसली केली आहे?" असं मी विचारलं तेव्हा सिंधूनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

ठरल्या दिवशी मी, सिंधू आणि मानसिंगराव भाड्याच्या जीपनं निरवांगीला निघालो. मुलगी अशा बैठकीला न्यायची नसते, त्यामुळं सुकन्या पुण्यातच. टेप पंच्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला होता आणि वर पेढ्यांचा पुडा. बटण दाबताना खटकन मोठा आवाज व्हायचा, म्हणून ते आधीच दाबणं भाग होतं. गावाबाहेर कालव्याच्या कडेला मी जीप थांबवली, लघवीचं निमित्त करून बाभळीमागं गेलो आणि बटण दाबलं. पिशवी घेऊन लघवीला जाणाऱ्या माणसाकडं ड्रायव्हर ज्या नजरेनं बघत होता ती मी अजून विसरलो नाही.

बेत साधा होता. सोप्यात सतरंजीवर बसायचं, पिशवी मांडीशी ठेवायची आणि गेणबा तात्यांच्या, म्हणजे मुलाच्या वडिलांच्या, तोंडून शब्द काढून घ्यायचा. या बेतात एकच खोट होती. मी बारामतीत राहून साहेब झालो होतो आणि आमचीच रीत विसरलो होतो. आमच्याकडं पाहुण्याच्या हातातली पिशवी उंबऱ्यातच काढून घेतात आणि थेट आत नेतात. पाहुणा पिशवी धरून बसला म्हणजे त्या घराचा अपमान. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं, मुलाची आई पुढं आली, पदर सावरत म्हणाली, "आना हिकडं, पाव्हणं," आणि पिशवी माझ्या हातातून गेली. मी जराशी ओढून धरली. तिनंही ओढली. मी हसलो. मग पिशवी, पेढे, पंचा आणि चालू टेप स्वयंपाकघरात गेला. पाठोपाठ सिंधूही आत गेली.

मी सतरंजीवर बसलो तो घाम पुसतच. समोर गेणबा तात्या, पांढरं धोतर, भरघोस मिशा, आवाज विहिरीतून आल्यासारखा. कोपऱ्यात बिरदेव मान खाली घालून बसला होता, बैठकीत नवरा मुलगा बसतो तसा. पिशवी आत गेल्याचं मानसिंगरावांच्या लक्षातच आलं नव्हतं. टेप माझ्या अंगावरच आहे अशा समजुतीनं ते मला डोळे मिचकावून 'जोरात' असं खुणावत होते.

तासभर ऊसतोडीची टोळी का आली नाही यावर बोलणं झालं. माझा जीव आत चुलीपाशी. शेवटी तोंडून सवयीनं पाठ केलेलं बाहेर पडलं. "तर श्रीयुत गेणबा तात्या, आपण आज निरवांगी मुक्कामी, आपल्या राहत्या घरी, चिरंजीव बिरदेव यांच्या समक्ष, असं म्हणता का, की माझी कन्या सुकन्या हिनं शेवटचं वर्ष पुरं करावं?"

 बिरदेवानं मान वर केली. गेणबा तात्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "शिकू द्या की पोरीला. आमाला काय तरास हाय? कोर्टात बी जाऊ द्या."

इतका स्वच्छ, खणखणीत शब्द आमच्या बैठकीत आजवर कुणी दिला नसेल. तो सोप्यात घुमला आणि आढ्याकडं निघून गेला. तिथं फक्त चिमण्या होत्या. मला रडूच यायचं बाकी राहिलं. पिशवी बाहेर आणून तेच पुन्हा एकदा वदवून घ्यावं, म्हणून मी म्हणालो, "मला जरा माझी पिशवी मिळेल का? गोळी घ्यायची होती."

"कसली गोळी?" गेणबा तात्यांनी विचारलं.

मला काही सुचायच्या आत मानसिंगराव मदतीला धावले. "छातीची," ते म्हणाले.

बिरदेव उठून मोटारसायकलची किल्ली शोधायला लागला. गेणबा तात्यांनी माझ्या पाठीमागं लोड सरकवला आणि शेजारच्या माणसाला इंदापूरला कोण चांगला डॉक्टर आहे ते विचारलं. इतक्यात सिंधू आतल्या दारात आली. "पिशवीत गोळी नाही. मी बघितलं," असं म्हणून तिनं माझ्याकडं एकवार पाहिलं आणि पाण्याचा तांब्या ठेवून परत आत गेली. तिनं बघितलं म्हणजे पेढ्यांचा पुडाच बघितला असणार, पंचा उलगडला नसणार, असा मी हिशेब केला. नाहीतर ती अशी गप्प राहिली नसती.

पुढं जेवणं झाली. बोकडाचं मटण होतं. वास जीपपर्यंत गेला असावा, कारण ड्रायव्हर न बोलावता पंगतीत येऊन बसला. माझ्या ताटात दुधी होता. "छातीच्या माणसाला वशाट चालत न्हाय," गेणबा तात्या मायेनं म्हणाले, "तुमच्यासाठी येगळं करायला लावलंय. मीठ बी घातलं न्हाय." माझ्या डाव्या हाताला मानसिंगराव नळी चोखत होते. मित्राच्या आजारपणाचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर कुठंही दिसत नव्हतं.

निघताना पिशवी परत आली. आमच्यात पाहुण्याची पिशवी रिकामी पाठवत नाहीत. ती पेरूंनी शिगोशीग भरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधू भजनाला गेल्यावर मी आणि मानसिंगराव गच्चीवर टेप घेऊन बसलो. पहिल्यांदा माझ्या धापा आणि बाभळीतला वारा. मग पाय वाजले, भांडी वाजली, पुड्याचा कागद खसखसला. मग बराच वेळ काहीच नाही. कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी हसलं, आणि त्यानंतर मुलाच्या आईचा आवाज अगदी जवळून, स्वच्छ आला. यंत्र उत्तम आहे, असं मानसिंगराव म्हणाले. ठेवलंही मी नीट होतं, असं मी म्हणालो.

"ईनबाई," ती बाई सिंधूला म्हणत होती, "माझं नाव नकोशी. आईला चौथी बी पोरगीच झाली म्हणून ठिवलं. आता सगळी मला बिरदेवाची आय म्हणत्यात, म्हणून चालून जातं. शाळंत घातली तवा मास्तरनं नाव इचारलं. मी सांगितलं. समदी पोरं हसली, मास्तर बी हसला. दुसऱ्या दिसापासनं मी गेलेच न्हाय. घरात कुनी इचारलं बी न्हाय का गं आलीस म्हणून. तुमची पोर शिकनार. मी नकोशी बोलते हाय. माझ्या घरात तिचं पुस्तक कुनी मिटवायचं न्हाय, माझ्या मालकानं बी न्हाय. ती कोर्टात उभी ऱ्हायली, तर मी जाऊन म्होरच्या बाकड्यावर बसनार."

मानसिंगराव मिशी कुरवाळायचे थांबले. मी गच्चीच्या कठड्याकडं बघत बसलो. खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले होते. हाच तर शब्द मला हवा होता, आणि सोप्यातल्या शब्दाहून तो कितीतरी भारी होता.

आणि लगेच सिंधूचा आवाज आला.

"तुमची मोठ्या मनाची गोष्ट, ईनबाई. आमच्याकडं बघा. हे घरात हुकूम सोडतात, पण वीज गेली की फ्यूज मी बसवते. हे बॅटरी धरतात, तीही स्वतःच्या तोंडावर. पाल दिसली की पलंगावर चढतात आणि तिथनं मला सांगतात, घाबरू नको. कचेरीत साहेबासमोर काय बोलणार ते सकाळी आरशासमोर बोलून जातात आणि संध्याकाळी न बोलता परत येतात. माणूस वाईट नाही. पोरीसाठी जीव टाकतं. पण सरळ विचारायचं सोडून आडवाटेनं जायची खोड काही जात नाही."

नकोशीबाई खदखदून हसल्या. पुढं पालीचा प्रसंग सिंधूनं नकलेसकट सांगितला. मग टेप खट करून थांबला.

मानसिंगराव पोट धरून हसत होते. संध्याकाळपर्यंत गल्लीत मला पाहून लोक विचारायला लागले, "काय दादासो, आज पलंगावर न्हाय?" पिठाच्या गिरणीत बायकांनी मला रांगेत पुढं जाऊ दिलं आणि भिंतीवर पाल नाही ना ते माझ्यादेखत बघून घेतलं. नवल म्हणजे सिंधूनं काहीच विचारलं नाही. भजनाची कॅसेट कुठं आहे, हेसुद्धा विचारलं नाही.

मी परत दत्तोबांकडं गेलो. सिंधूचं बोलणं पुसून नकोशीबाईंचं तेवढं ठेवता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता. दत्तोबांनी चष्मा काढला.

"पहिली गोष्ट, पुसलं की बाद. दुसरी गोष्ट, तुम्ही त्या बोलण्यात होतात का?"

"मी सोप्यात होतो. दुधी खात होतो."

"मग हे तुमचं बोलणंच नव्हे. तुमच्या बायकोचं आणि त्या बाईंचं आहे. त्यांना माहीत नसताना टिपलंत. हे कुठं वाजवू नका. वाजवायचंच असेल तर आधी त्या दोघींना विचारा."

म्हणजे मुलीच्या शिक्षणाचा शब्द माझ्या खिशात होता, आणि तो बाहेर काढायचा तर आधी बायकोपुढं जाऊन सगळं सांगायचं, आणि मग चार माणसांत पालीसकट वाजवायचा. मी कॅसेट कपाटात धोतरांखाली ठेवून दिली. शब्द तर मिळालेलाच आहे, लागणार कशाला, अशी मनाची समजूत घातली.

लागला. पंधरवड्यातच मानसिंगरावांच्या घरी निरवांगीचा फोन आला. गल्लीत फोन त्यांच्याचकडं. गेणबा तात्यांचा निरोप असा होता, की मुलीच्या बापाची छाती नाजूक आहे, अशा वेळी पोरीला पुण्याला ठेवणं बरं नव्हे. शिक्षण काय, पळून जात नाही. तिला घरी बोलावून घ्या, बापाच्या डोळ्यांदेखत येत्या महिन्यात लग्न उरकून टाकू, पुढचं पुढं बघू. आणि तळलेलं खाऊ नका.

त्यात कपट तसूभरही नव्हतं. माणूस माझ्या काळजीनं बोलत होता. माझ्या न घेतलेल्या गोळीनं माझ्या मुलीचं वर्ष गिळायला घेतलं होतं, हे कळल्यावर मात्र माझी छाती खरोखरच धडधडायला लागली.

सुकन्या पुण्याहून तातडीनं आली ती बापाच्या आजारपणाची निरवांगीहून गेलेली बातमी ऐकून. एसटी डेपोपासून घरापर्यंत येता येता तिला गोळी, टेप, दुधी आणि पाल सगळं कळलं होतं. आमची गल्ली सोयीची आहे. तिनं चप्पलही काढली नाही.

"आप्पा, तुम्ही दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कान ठेवून आलात?"

"तुझ्यासाठीच ना गं."

"मग मला विचारायचं. त्या बाईंनी आईपाशी मन मोकळं केलं. ते त्या तुमच्यापाशी बोलल्या नव्हत्या, त्यांच्या मालकापाशीही नव्हत्या. त्यांना विचारल्याशिवाय ते वाजवायचं नाही. माझं वर्ष गेलं तरी चालेल, पण असलं काही वाजवून मला वकील व्हायचं नाही."

वर्ष गेलं तरी चालेल, असं म्हणताना तिचा आवाज कापला. ती आत निघून गेली. मुलीचा अभिमान वाटावा की स्वतःची लाज वाटावी, हे मला ठरवता येईना. दोन्ही एकदमच वाटत होतं.

सिंधूला सांगायचं ठरवून मी आरशासमोर उभा राहिलो. तेवढ्यात दारात गेणबा तात्या, नकोशीबाई आणि बिरदेव हजर. आजाऱ्याला बघायला पहिल्या एसटीनं निघाले होते. नकोशीबाईंच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून दुधीचं देठ डोकावत होतं. सिंधूनं ती उंबऱ्यातच घेतली.

मला पलंगावर बसवण्यात आलं. पाहुणे आल्याचा सुगावा लागताच मानसिंगराव आलेच. गेणबा तात्यांनी मुहूर्ताचं काढलं. पोरीनं पुण्याची खोली सोडली का, असं विचारलं. दाराआड सुकन्याच्या बांगड्या वाजल्या. मी 'बघू' असं काहीतरी पुटपुटलो. ते मानसिंगरावांना सहन झालं नाही.

"शब्द फिरवायचा न्हाय, तात्या. आमच्याकडं पुरावा हाय," ते गरजले.

"कसला पुरावा?"

आता पलंगावर बसून राहण्यात अर्थ नव्हता. मी उतरलो. "तात्या, माझ्या छातीला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "गोळी नव्हतीच. पिशवीत टेप होता. तुमचा शब्द चोरून टिपून घ्यायला आणला होता. पिशवी आत गेली म्हणून मी खोटं बोललो. माझ्या खोट्यापायी पोरीचं वर्ष घालवू नका. मला काय बोलायचं ते बोला."

एवढं सगळं सरळ मी कचेरीतसुद्धा कधी बोललेलो नाही.  गेणबा तात्या उठले, त्यांनी टोपी हातात घेतली. "आमच्या घरात? आमचं मीठ खाऊन?"

मीठ त्यांनी घातलं नव्हतं, हे सांगायची ती वेळ नव्हती.

"बसा खाली," नकोशीबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. "मला ठावं हाय समदं. पेढं काढाया पिशवीत हात घातला तवाच पंचा सुटला आन् लाल दिवा दिसला. बिरदेव गजी नाचाची गाणी टिपाया असलंच मशीन घिऊन जातो. मी ईनबाईस्नी दावलं. त्या म्हनल्या बंद करते. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या. मला बोलायचं हाय."

मी सिंधूकडं पाहिलं. तिनं पदरानं तोंड झाकलं होतं, पण खांदे हलत होते.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "मग ते पालीचं?"

"घरी सांगून ऐकत नाही," सिंधू म्हणाली. "म्हटलं, यंत्रातनं तरी ऐकाल."

दाराआडून सुकन्या बाहेर आली. तिनं नकोशीबाईंना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आत्या, तुमची हरकत नाही ना?"

"लाव, पोरी. मी चोरून बोलले न्हाय. ह्यांच्या म्होरं पंचवीस वरसं बोलता आलं न्हाय, म्हणून मशिनीम्होरं बोलले."

सुकन्यानं कॅसेट लावली. वारा, पाय, भांडी, कागद. मग तो आवाज. गेणबा तात्या उभेच होते. शाळेचं आलं तेव्हा ते हळूच खाली बसले. मास्तर हसला, हे आलं तेव्हा त्यांनी बायकोकडं पाहिलं, आणि ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. बिरदेव आईच्या जवळ सरकून बसला. आवाज 'म्होरच्या बाकड्यावर बसनार' इथवर आला.

तात्यांनी टोपीनं डोळे पुसले. "मला तू कवा सांगितलं न्हाईस," ते म्हणाले.

"तुमी कवा इचारलं?"

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग माझ्याकडं न बघता सुकन्याला म्हणाले, "परीक्षा कवा हाय तुझी? त्येच्या आधी मुहूर्त धरायचा न्हाय. आन् सोप्यात मी बी ह्योच शब्द दिला हुता, त्यो कुठं हाय?"

"तो टेपवर आला नाही, तात्या," मी म्हणालो. "फक्त ईनबाईंचा आलाय."

"म्हंजी घरात माझा शब्द उरलाच न्हाय म्हणा की."

"मर्दा, आत्ता कळलं व्हय?" नकोशीबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता माझ्या ध्यानात आलं, की टेप अजून चालूच आहे आणि सिंधूनं बोलायला सुरुवात केली आहे. वीज गेली होती, बॅटरी माझ्या तोंडावर होती, पाल यायची होती. मी बटणाकडं झेपावलो.

सुकन्यानं माझा हात धरला.

"आप्पा," ती म्हणाली, "पुरावा तोडता येत नाही. वाजवायचा तर सगळा वाजवायचा."

वकील म्हणून तिनं जिंकलेला पहिला खटला तो. मी पलंगावर जाऊन बसलो आणि व्याही-विहिणींच्या समक्ष, बारामती मुक्कामी, राहत्या घरी, पालीची नक्कल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतली.

त्या दिवशी जेवायला मटण होतं. ते सगळ्यांना वाढल्यावर सिंधूनं माझं ताट आणलं. त्यात दुधी होता.